दांड्याचं दुसरं टोक

चूक कारकुनाची होती, आणि तो कारकून म्हणजे हे लिहिणाराच, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढे कोणीतरी म्हणायचं, बघा, स्वतः नामानिराळा राहून दुसऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगतोय. पण गोष्ट त्याची नाही, म्हणून इथून पुढे त्याला नुसतं कारकून म्हणू. लहान गावातल्या शाळेत शिकलेला, टंकलेखनात पहिला, भांग पट्टीने पाडल्यासारखा, आणि स्वतःच्या हुशारीवर इतका भरवसा की कोणाला शंका विचारणं त्याला कमीपणाचं वाटे.

सैन्यातल्या पूल बांधणाऱ्या एका तुकडीच्या कचेरीत तो होता. जुन्या हजेरीवह्या संगणकात चढवायचं काम निघालं. नव्या कोष्टकात प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते : ‘मुख्य काम’ आणि ‘साहाय्य’. जुन्या वहीत पुढच्या पानांवर पूल टोळीची नावं होती, सगळी पुरुषांची. शेवटच्या पानावर ‘इतर’ असा मथळा आणि त्याखाली आचारी, न्हावी, माळी आणि सहा बायका. माळ्याच्या खाली सहा बायका कशाला, हा प्रश्न कोणाही शहाण्याला पडला असता. कारकुनाला पडला नाही. ‘इतर’ म्हणजे साहाय्य, असं त्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं, टकटक टकटक केलं, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी काम संपवून मेजर साहेबांची शाबासकी घेतली.

त्याचं टेबल खिडकीशी होतं. त्या खिडकीतून रोज सकाळी मैदान दिसे, आणि मैदानावर त्या सहांपैकी शेवटची उरलेली बाई अडीचशे किलोचं लोखंडी पॅनल उचलताना दिसे. पण कागद बघताना खिडकीबाहेर बघायचं नसतं, असं बहुधा त्याला शाळेत शिकवलं असावं.

वर आणखी एक. कचेरीतला असला तरी महिन्यातून एका रविवारी फाटकावरचा पहारा त्यालाही होता. दोन महिन्यांपूर्वी बहिणीला परीक्षेला सोडायचं म्हणून त्याने आपली पाळी याच बाईच्या गळ्यात मारली होती. तिने आठ तास उन्हात काढले, आणि एवढंच म्हणाली, “पाळीला पाळी. विसरू नकोस.” माणसाने असं करावं, आणि मग तिचं अकरा वर्षांचं आयुष्य दुसऱ्या रकान्यात टाकावं!

तिला सगळे खुंटी म्हणत. बुटकी, जाडजूड, पाय रोवून उभी राहिली की हलायची नाही. भरती झाली तेव्हा टोळीतल्या पुरुषांनी चेष्टेने नाव ठेवलं आणि पहिलं वर्षभर तिला हलवून बघितलं. तिचे हातमोजे लपवले, तिच्या बुटात खडे घातले, भिजलेलं, निसरडं पॅनल मुद्दाम तिच्या वाट्याला दिलं. खुंटा हलवून बळकट करतात म्हणतात, तसंच झालं. वर्षाच्या शेवटी तीच माणसं म्हणायला लागली, “मधल्या दांड्याला खुंटीला घ्या रे, मग काळजी नाही.”

हा मधला दांडा काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पॅनल म्हणजे माणसाच्या उंचीची एक लोखंडी चौकट. अशा चौकटी जोडत जोडत पूल होतो. ती उचलायची तर तिच्या पोटातून तीन दांडे आरपार घालायचे : पुढचा, मधला, मागचा. दर दांड्याला दोन टोकं, दर टोकाला एक माणूस. तीन माणसं या बाजूला, तीन त्या बाजूला. बाजूला उभा असलेला हवालदार हाक देतो, “उचल!”, आणि सहाही जण एका दमात उठतात. एकाने अर्धा श्वास उशीर केला की त्याच्या वाटचं लोखंड बाकीच्यांच्या मणक्यात शिरतं. म्हणून एका दांड्याच्या दोन टोकांना सारख्या उंचीची माणसं लावतात. लोखंडाला बाई कळत नाही आणि पुरुष कळत नाही. त्याला फक्त उतार कळतो, आणि जिकडे उतार तिकडे ते पडतं.

टोळीत खुंटीच्या उंचीचा एकच पुरुष होता. त्याला म्हणत जावई. तो कोणाचाच जावई नव्हता. नाव पडलं होतं ते थाटामुळे. चहा जागेवर यायला हवा, बसायला सावली हवी, आणि काम निघालं की याचं काहीतरी दुखायला हवं. खुंटीच्या समोर त्याला लावलं ते केवळ उंचीमुळे, आणि हे कोणी बोललेलं त्याला मुळीच खपत नसे. दोघं एकाच वर्षी आलेले, एकाच दांड्याची दोन टोकं. नऊ वर्षं दोघांनी समोरासमोर तेच लोखंड उचललं. मग जावयाच्या टोकाला बाहीवरची तिसरी फीत मिळाली, हवालदारकी मिळाली; खुंटीचं टोक तिथेच राहिलं.

हवालदार झाल्यावर हाक द्यायचं काम जावयाकडे आलं. आता हाक म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. सहा जणांचा श्वास बघून ती द्यावी लागते. जावई आपला सावलीतून, मनात येईल तेव्हा, पान थुंकल्यासारखा “चल!” म्हणायचा. मग टोळीने काय केलं? त्याची हाक आली की कोणीच हलायचं नाही. सगळे खुंटीच्या तोंडाकडे बघायचे. ती दबक्या आवाजात म्हणायची, “आता.” आणि पॅनल उठायचं. दोन वर्षं असं चाललं होतं. जावयाला वाटे, आपल्या हाकेत काय जरब आहे!

खुंटीला फितीपेक्षा ती हाक हवी होती. उघडी, मोठ्याने, पोटातून दिलेली. आणि नियम असा की बारा वर्षांत तिसरी फीत मिळाली नाही तर पूल टोळी सोडायची आणि कोठारात जायचं, सामान मोजायला. तिच्याबरोबर टोळीत आलेल्या पाच जणी आधी दुसरीकडे नोकरी करून आलेल्या; त्यांची बारा वर्षं तिच्याआधी भरली आणि त्या एकेक करून अशाच कोठारात गेल्या होत्या. खुंटीची बारा वर्षं भरायला तीन आठवडे होते.

बढतीची यादी फळ्यावर लागली. खुंटीचं नाव सर्वांत खाली होतं आणि पुढे शेरा होता : ‘मुख्य कामाचे तास : शून्य. अपात्र.’

ती मैदानावरून तशीच कचेरीत आली. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, फरशीवर एकेक पाऊल छापलं जात होतं.

“कोणी केलं हे?”

“ताई, ते वरून—” कारकून उठून उभा राहिला.

“वर पंखा आहे. कोणी केलं?”

“मीच टंकलं. पण वहीत होतं तसंच...”

“ही खिडकी दिसते का तुला?”

“दिसते.”

“तिच्यातून काय दिसतं?”

“मैदान.”

“मैदानावर कोण असतं?” कारकुनाने नजर कळफलकाकडे नेली. “बोल ना! तोंडात मिठाची गुळणी धरलीस?”

“तुम्ही असता, ताई.”

“आणि काय करत असते? पॅनलला वारा घालत असते?”

तिने हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे त्याच्या कळफलकावर पालथे... नाही, उताणे ठेवले. बोटांच्या मुळाशी घट्टे असे की त्यावर काडी ओढली असती तर पेटली असती. पडद्यावर आपोआप अक्षरं उमटत गेली, सगळी एकच, ओळच्या ओळ.

“हे शून्य आहे का?” ती म्हणाली. “मोठ्याने वाच. ‘साहाय्य.’ कोणाला साहाय्य केलं मी? लोखंडाला?”

कारकुनाला तेव्हा जुन्या वहीचं शेवटचं पान आठवलं, माळ्याच्या खालची ती सहा नावं. वही काढून त्याने तिच्यापुढे ठेवली. तिने त्या सहा नावांवरून एकेक करून बोट फिरवलं. सहा बायका आल्या तेव्हाच्या कारकुनाला छापील पानावर जागा मिळाली नव्हती, म्हणून त्याने त्यांना मागे ढकललं होतं. आणि मग अकरा वर्षं कोणीही त्यांना पुढे आणलं नव्हतं. म्हणजे चूक नवी नव्हतीच. आपल्या कारकुनाने ती फक्त सुबक टंकून दिली होती.

“म्हणजे त्या पाच जणी,” ती हळू म्हणाली, “त्याही याच पानावरून गेल्या.”

तो हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

कारकून धावत मेजर साहेबांकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलाही प्रश्न त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत सुटलेला असावा अशी त्याची इच्छा असे. तो म्हणाला, “दुरुस्ती करू की. त्या काळातला एखादा लेखी पुरावा आणा, की ही बाई पॅनल वाहत होती. एक ओळ पुरे.”

एक ओळ! कचेरीच्या सगळ्या वह्या उलथ्यापालथ्या झाल्या. कामाचा अहवाल : ‘टोळीने पूल बांधला.’ टोळीत कोण? पुढच्या पानावरची नावं. शेवटी कारकुनाला दवाखान्यातली जखमांची वही सुचली. तिच्यात कोणाला कुठे लागलं, कोण कुठल्या दांड्याला होतं, सगळं लिहितात. खुंटी त्याच्याबरोबर गेली. कारण आता ती त्याला टाचणीसुद्धा एकट्याने शोधू देणार नव्हती.

अकरा वर्षांत तिचं नाव जखमी म्हणून एकदाही नव्हतं. बोटं चेमटली होती, नखं गेली होती, एकदा खांदा उतरला होता. पण बाई दवाखान्यात गेली की ‘बघा, झेपत नाही’ म्हणतात, म्हणून ती कधी गेलीच नाही. घरी हळद... नाही, हळद नाही, त्यांच्या घरी औषधाची पेटी होती. नवरा शाळेची गाडी चालवायचा, त्याच्या गाडीतली. तीच ती वापरायची. दुखणं अंगावर काढलं आणि त्याबरोबर पुरावाही अंगावरच राहिला.

पण एक नोंद सापडली. सात वर्षांपूर्वीची. दवाखान्यातला परिचारक ती वाचायला लागला आणि मध्येच अडखळला.

“वाच,” खुंटी म्हणाली.

“‘पॅनल वाहताना मधल्या दांड्यावर महिलेच्या बाजूने भार सुटला. पॅनल कलून मागील दांड्यावरील शिपायाच्या पायावर पडले. दोन बोटे मोडली.’ खाली सही आहे. मधल्या दांड्याचं दुसरं टोक.”

म्हणजे जावयाची.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती जाताना दिसते, हे कारकुनाने त्या दिवशी पाहिलं. आधी मान लाल झाली, मग कान, मग ती एकदम पांढरी पडली.

“मी होते,” ती म्हणाली. “सरकारच्या कागदावर मी एकदाच होते. आणि तेही भार सोडायला.”

आता पेच बघा. फीत हवी तर हाच कागद पुढे करायचा, कारण दुसरा नाही. आणि हा कागद पुढे करायचा म्हणजे मी पॅनल टाकलं, माणसाची बोटं मोडली, असं आपल्याच तोंडाने सांगायचं. पॅनल टाकणाऱ्याला हाक द्यायला कोण ठेवील? कागद दाखवला तरी कोठार, नाही दाखवला तरी कोठार.

ती घरी गेली ती दातओठ खात. घर म्हणजे वसाहतीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लोखंडी पलंग, शिवणाचं मशीन, आणि त्यावर वाकलेली सासू. या सासूने तीस वर्षं एका धुलाईच्या दुकानात इस्त्री केली होती.

“कोठारात जा की,” सासू सुई ओवता ओवता म्हणाली. “खुर्ची मिळेल, कंबर वाचेल.”

“माझी कंबर आहे, आई. मी बघीन.”

“तुझीच आहे. नाहीतर काय कर्नलची?” सासूने दोरा दाताने तोडला. “मलाही मदतनीसच म्हणायचे. तीस वर्षं. गिऱ्हाइकं विचारत यायची, की त्या बाईंच्या हातची घडी हवी. आणि पाटीवर नाव कोणाचं? मालकाच्या मेहुण्याचं. त्याला इस्त्री सरळ धरता येत नव्हती गं! एकदा त्याने एका वकिलाचा कोट जाळला. बोलणी कोणाला बसली?”

“तुम्हाला.”

“मग? मी गप्प बसले. त्या कोटाचा वास अजून येतो मला.” सासूने मशीन चालू केलं. “तू बस गप्प, नाहीतर बसू नकोस. मी सांगायला गेले नाही.”

आठ वर्षांची मुलगी वाळलेली चादर घेऊन आली. घडी घालायला दोन माणसं लागतात. खुंटीने दोन टोकं धरली, मुलीने दोन. मुलीच्या केसांतली रिबीन सुटली, तिने ती सावरायला हात सोडले आणि चादर भसकन तिच्याच पायांवर पडली.

“आई, तू ओढलीस!”

“मी ओढली असती तर माझ्याकडे आली असती. कोणाच्या पायावर पडली बघ.”

हे बोलली आणि खुंटी तशीच उभी राहिली, चादरीची टोकं हातात धरून. नवरा चहा घेऊन आला, त्याने दोनदा हाक मारली. मग तिने चादर पलंगावर टाकली आणि बूट चढवले.

“आता कुठे?” नवरा म्हणाला. “चहा?”

“पिऊन टाका. फाटकावर जाऊन येते. उंटाकडे.”

ज्याची बोटं मोडली होती तो हा उंट. टोळीतला सर्वांत उंच, म्हणून उंट. पाय अधू झाल्यावर त्याला फाटकावर अडसर वर-खाली करायला ठेवलं होतं. तो आपल्या लाकडी खोक्यात बसून शेंगदाणे खात होता.

“उंटा, त्या दिवशी तू कोणाच्या मागे होतास?”

“कुठल्या दिवशी?”

“ज्या दिवशी तुझ्या पायाची चटणी झाली.”

“जावयाच्या मागे. मागच्या दांड्याला, त्याच्या बाजूला. का?”

“आणि पॅनल माझ्या हातून सुटलं असतं तर कोणाच्या पायावर पडलं असतं?”

उंटाचा शेंगदाणे सोलणारा अंगठा थांबला. “तुझ्या मागच्याच्या.”

“सात वर्षं तू हे का नाही बोललास?”

“मला कोणी विचारलंच नाही गं,” उंट म्हणाला. “मी तीन महिने रुग्णालयात. परत आलो तर सगळं मिटलेलं. वहीत काय लिहिलंय ते मी कुठे बघायला जातो? आणि मग तो हवालदार झाला.”

“तुझी बोटं तुझ्या बाजूने साक्ष देतायत आणि तू शेंगदाणे खातोयस.”

उंटाने पुडी मिटली. “उद्या येतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीकडे जाताना खुंटी व्हरांड्यात थांबली. पाण्याच्या पिंपाच्या वर एक मोठा फोटो टांगलेला होता. खाली ठळक अक्षरांत : ‘खांद्याला खांदा’. सात वर्षांपूर्वी वरिष्ठ कचेरीतून एक छायाचित्रकार आला होता, सैन्यात बायका-पुरुष कसे एकत्र राबतात ते दाखवायला. हसा, हसा, म्हणत होता. त्याच दिवशी पॅनल पडलं. फोटो चांगला आला म्हणून फ्रेम झाली, पाहुणे आले की साहेब तो दाखवत. खुंटी रोज त्याच्याखाली पाणी प्यायची, पण स्वतःचं थोबाड काय बघायचं, म्हणून तिने मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

आज पाहिलं. फोटोत ती दात आवळून, दांड्याकडे नजर लावून, दोन्ही हात दांड्याखाली. समोर जावई छायाचित्रकाराकडे बघून झकास हसतोय, आणि त्याचा एक हात टोपी सरळ करतोय.

तिने फोटो खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारून आत गेली.

साहेबांच्या टेबलावर काच होती. तिने फ्रेम त्या काचेवर आदळली. कारकुनाने डोळे मिटले. काच शाबूत राहिली.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“पुरावा.”

“अहो, फोटो म्हणजे पुरावा नव्हे. ती सजावट आहे.”

“तेच म्हणते मी, साहेब. पाहुण्यांना दाखवायला मी भिंतीवर, आणि फीत द्यायला मी माळ्याच्या खाली!”

जावई कोपऱ्यात उभा होता. पोट पट्ट्यावरून बाहेर डोकावत होतं. तो म्हणाला, “साहेब, बाईमाणूस आहे, रागात बोलतेय. जुनं उकरून काय उपयोग? वहीत जे आहे ते आहे.”

“वहीत काय आहे ते सांगते,” खुंटी म्हणाली. “वहीत आहे की माझ्या बाजूने भार सुटला. उंटा, पाय दाखव.”

उंटाने खरोखरच बूट काढला. साहेबांनी तोंड बाजूला केलं.

“हा जावयाच्या मागे होता. याच्या बाजूला. मी सोडलं असतं तर लोखंड माझ्याकडे आलं असतं. ते याच्याकडे का गेलं? लोखंडाचं माहेर तिकडे होतं म्हणून?”

उंट फस्सकन हसला आणि लगेच खोकला. साहेबांनी चष्मा लावून फोटो जवळ ओढला. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो पाहुणे नसताना पाहिला. पाहता पाहता त्यांचं बोट जावयाच्या टोपीवर थांबलं.

“हवालदार,” ते म्हणाले, “तुमचा हात कुठे आहे?”

जावयाने कानावर हात ठेवले, म्हणजे तेवढंच बाकी होतं. “आठवत नाही, साहेब. वारा होता त्या दिवशी.”

साहेबांना आता हे सगळं संपायला हवं होतं. त्यांनी आपल्या मते मोठा न्याय केला. “हे बघा, एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. एक साधी चाचणी घेऊ. बाईंनी सर्वांसमोर पॅनल उचलून दाखवावं. झेपलं तर तास मान्य.”

मग खुंटी बोलली आणि ते बोलणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

“अकरा वर्षं रोज सकाळी काय चाललंय, साहेब? नाच? पुरात पूल टाकला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात मी होते, तेव्हा कोणी म्हणालं का, की थांबा, हिची चाचणी घेऊ? यातल्या एका तरी पुरुषाची घेतली? याची घेतली? याला फीत दिली तेव्हा विचारलं का, की बाबा, झेपतं का? माझंच बारसं रोज कशाला?”

“तसं नाही हो—”

“असंच आहे. पण ठीक आहे. घ्या चाचणी. आत्ता घ्या. फक्त दांड्याला दोन टोकं असतात, आणि उंचीला उंची लागते. माझ्या समोर हा. नऊ वर्षं होता, आज पुन्हा.”

जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वर्षांत त्याने चहाच्या कपापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर टोळी पॅनलमध्ये दांडे घालून तयारच उभी होती. बातमी कोणी पोचवली ते कारकून सांगणार नाही.

“माझी कंबर, साहेब...” जावई म्हणाला.

“मग काय करायचं?” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार होती.

जावयाने टोपी काढून टेबलावर ठेवली. “लिहून देतो,” म्हणाला. कारकुनाने कागद पुढे केला. जावयाने लिहिलं : ‘भार दोन्ही बाजूंनी सुटला.’

खुंटीने कागद उचलला, वाचला, परत त्याच्यासमोर ठेवला.

“दोन्ही बाजूंनी सुटला असता तर सरळ खाली आलं असतं आणि माझ्या बाजूचेही पाय गेले असते. माझी बोटं दहाच्या दहा आहेत. काढू बूट? मोजतोस?”

“अगं, आता किती ताणशील?” जावई दबक्या आवाजात म्हणाला. “नऊ वर्षं समोर होतो तुझ्या. काहीच नाही का त्याचं?”

“त्याचंच तर आहे सगळं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तुझ्या हातातला भार माझ्या हातात यायचा, माझ्या हातातला तुझ्या. तुला माहीत होतं. एकट्या तुलाच माहीत होतं.”

त्याने ‘दोन्ही बाजूंनी’ खोडलं आणि वर ‘माझ्या बाजूने’ लिहिलं. सही करताना पेन मोडेल की कागद फाटेल, अशी कारकुनाला भीती वाटली.

आठ दिवसांनी आदेश निघाला. कारकुनानेच तो टंकला, मसुदा साहेबांचा : ‘महिला असूनही दाखवलेली चिकाटी लक्षात घेऊन, विशेष बाब म्हणून, हवालदारपदी बढती देण्यात येत आहे.’ खुंटी सही करायला आली, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

“हे ‘असूनही’ काय आहे?”

“ताई, साहेबांची भाषा आहे.”

“आणि ‘विशेष बाब’? जावयाच्या आदेशात होतं?”

कारकुनाने जुनी प्रत काढली. जावयाचा आदेश एका ओळीचा होता : ‘सेवा आणि कामाचे तास लक्षात घेऊन.’

“तेच लिही,” ती म्हणाली. “काना-मात्रा तीच. आणि त्या पाच जणींचे तास पहिल्या रकान्यात घे. सगळे.”

“पण त्या तर आता कोठारात...”

“मग काय झालं? उचललं नव्हतं का त्यांनी?”

कारकुनाने पुन्हा टंकलं. साहेबांनी न वाचता सही केली; त्यांच्या त्या सवयीचं इतकं भलं कधी झालं नव्हतं. पाच जणींचे तासही पहिल्या रकान्यात गेले, पण त्यांची बारा वर्षं केव्हाच उलटली होती, आणि नियमाला मागे वळून बघता येत नाही. त्यातली एक, कोठारात खिळे मोजणारी, दुरुस्तीचा कागद बघून खुंटीला म्हणाली, “आता हे फीत म्हणून कुठे शिवू गं? पिशवीला?” त्या दिवशी मैदानावर खुंटीने टोळीला दोन पॅनलं जास्त उचलायला लावली, आणि कोणी हू की चू केलं नाही.

फीत लागल्यावरची पहिली हाक वसाहतीतही ऐकू आली असं सासू सांगते. म्हणे शिवणाची सुई मोडली. जावयाची बदली दुसऱ्या तुकडीत झाली, बढतीवर. हे ऐकून खुंटीने जे शब्द वापरले ते टंकता येण्यासारखे नाहीत. पिंपावरचा फोटो साहेबांनी पुन्हा लावायला सांगितला. कारकुनाने लावला, दुसऱ्या दिवशी तो खाली भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तोंड भिंतीकडे करून. कोणी केलं ते कोणी विचारलं नाही.

आता पहाऱ्याच्या पाळ्या खुंटीच लिहिते. दर महिन्याच्या शेवटी ती यादी टंकायला आणून देते. त्यात कारकुनाची नेहमीची पाळी असते. तिचं देणं असलेली ती जास्तीची एक नसते. परवा त्याने धीर करून विचारलंच.

“ताई, ती एक रविवारची... या महिन्यात टाकता का? फिटून जाईल.”

ती त्याच्या खिडकीतून बाहेर बघत होती. टोळी दांडे घालून उभी होती.

“घाई कसली आहे?” ती हातमोजे चढवत म्हणाली. “मी बारा वर्षं थांबले.”

आणि हाक द्यायला निघून गेली.